प्रेक्षक कशाची वाट पाहतो?

१९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळक्यांनी तो एका कुंडीसमोर मांडला. कुंडीत वाटाणा पेरलेला होता. दिवसामागून दिवस, थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेत त्यांनी दाणा रुजताना, कोंब वर येताना आणि वेल चढताना टिपला. ‘अंकुराची वाढ’ ही ती चिमुकली फिल्म त्यांनी निवडक मंडळींना दाखवली आणि पुढच्या मोठ्या चित्रपटासाठी भांडवल उभं करताना ती त्यांच्या कामी आली.

त्या फिल्ममध्ये माणूस नाही, संघर्ष नाही. दाण्याचं पुढे काय होणार हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी तिच्यात पाहण्यासारखं काहीतरी होतं, कारण माती जरा हलली की आता कोंब येणार असं वाटतं, कोंब आला की आता पान उलगडेल असं वाटतं. एक गोष्ट घडता घडता पुढच्या गोष्टीची अपेक्षा तयार होते. कथारचनेचा सगळ्यांत लहान नमुना कुणी मागितला तर मी हा दाखवेन.

मात्र एवढ्या अपेक्षेवर माणूस तासभर बसत नाही. फाळक्यांना ते पुरतं कळलेलं असावं, कारण चार रिळांच्या चित्रपटासाठी त्यांनी जी कथा निवडली ती रचनेच्या दृष्टीने अतिशय घट्ट आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. हरिश्चंद्र शब्द देतो, आणि तिथून पुढे प्रत्येक पायरीवर त्या शब्दाची किंमत वाढत जाते. आधी राज्य जातं, मग पत्नी आणि मुलगा दुरावतात, मग तो स्वतः विकला जातो, आणि शेवटी स्मशानात स्वतःच्याच मुलाच्या प्रेतासाठी स्वतःच्याच पत्नीकडे कर मागण्याची वेळ त्याच्यावर येते. याच्यापुढे आणखी किंमत उरतच नाही, म्हणून कथा तिथे संपू शकते. समोर बसलेल्या लोकांनी ही कथा कीर्तनात, नाटकात शंभरदा ऐकलेली होती. काय होणार हे माहीत असताना ते वाट पाहत होते ती ‘हा माणूस हे कसं सोसणार’ याची.

या प्रकरणात रचनेबद्दल जे काही सांगायचं आहे त्याचा गाभा हाच आहे. चित्रपटाची किंवा व्हिडिओची रचना म्हणजे प्रेक्षकाच्या वाट पाहण्याची रचना. प्रत्येक क्षणी तो कशाची वाट पाहतो आहे, ती अपेक्षा कधी पुरी करायची, कधी लांबवायची, कधी मोडायची आणि तिच्या जागी दुसरी कोणती ठेवायची, हे ठरवणं म्हणजे पटकथा रचणं. बाकीची सारी शास्त्रं या एका कामाची साधनं आहेत.

कादंबरीच्या वाचकाला थांबता येतं. नाव विसरलं तर दहा पानं मागे जाता येतं, वर्णन कंटाळवाणं वाटलं तर डोळा पुढे सरकतो. चित्रपटगृहातल्या माणसाला ही सोय नाही. पडदा त्याच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे एखादी गोष्ट त्याला केव्हा कळते हेच त्या गोष्टीचं निम्मं महत्त्व ठरवतं. ‘घरात साप आहे’ हे आपल्याला आधी कळलं तर पाळण्याकडे चाललेली आई पाहताना आपण खुर्चीच्या कडेला येतो. तेच नंतर कळलं तर आपण फक्त दचकतो. घटना तीच, माणसं तीच. हिचकॉकने फ्रांस्वा त्र्युफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन हाच फरक समजावला होता. अचानक झालेला स्फोट काही सेकंदांचा धक्का देतो, आणि आधीपासून ठाऊक असलेला बॉम्ब तेवढ्याच साध्या गप्पांना मिनिटामागून मिनिट ताण देतो.

नवशिक्या पटकथांमध्ये सर्वांत जास्त आढळणारं दुखणं म्हणजे ‘आणि मग’. मुलगा शहरात येतो, आणि मग त्याला मित्र भेटतो, आणि मग ते खोली घेतात, आणि मग त्याला नोकरी लागते. एकेक प्रसंग चांगला असतो, संवाद चुरचुरीत असतात, तरी अर्ध्या तासात प्रेक्षक खिशातला फोन काढतो. एकानंतर दुसरं घडणं आणि एकामुळे दुसरं घडणं यात फार मोठं अंतर आहे, हे ॲरिस्टॉटलने ग्रीक नाटकांविषयी लिहिताना स्पष्ट सांगितलं होतं. आपल्या कथेचा सारांश लिहा आणि दोन प्रसंगांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतं का ते पाहा. मुलगा शहरात येतो, पण ज्याच्या भरवशावर आला तो काका पत्ता बदलून गेलेला असतो, म्हणून तो स्टेशनवरच्या चहावाल्याकडे रात्र काढतो, पण त्या रात्री चहावाल्याचा गल्ला चोरीला जातो. इथे कथेत मोठं नाट्य आलेलं नाही. तरी प्रत्येक प्रसंग पुढच्याला जन्म देतो आहे आणि आपण पुढच्याची वाट पाहू लागलो आहोत.

भरताच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. महाविद्यालयात त्या पाठ करून परीक्षेत लिहिल्या जातात आणि विसरल्या जातात, याचं मला वाईट वाटतं. कारण या पाचांत घटनांचा उल्लेखच नाही. पाचही अवस्था माणसाच्या इच्छेच्या आहेत. काहीतरी हवंसं वाटणं, त्यासाठी धडपडणं, ते मिळेल अशी आशा वाटू लागणं, आता फक्त एवढाच अडथळा उरला असं दिसणं, आणि फळ हाती येणं. प्राप्त्याशा म्हणजे मिळण्याची आशा. पात्राच्या मनातली ती आशा प्रेक्षकाच्या मनात उतरली की चित्रपट चालू झाला असं समजावं.

सिड फील्ड या अमेरिकी शिक्षकाचं ‘स्क्रीनप्ले’ हे पुस्तक १९७९ साली आलं आणि जगभरच्या पटकथालेखनावर त्याचा ठसा उमटला. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असा हिशोब धरून त्याने १२० पानांचे तीन अंक पाडले. पहिल्या अंकाच्या शेवटी, म्हणजे पंचविसाव्या पानाच्या आसपास, कथेला एक वळण, आणि तिसरा अंक सुरू होण्याआधी दुसरं. हा आराखडा उपयोगी आहे. मधला भाग सैल पडला आहे का हे तपासताना तर फारच. पण पानांचे आकडे पाहून वळणं बसवणाऱ्यांनी लिहिलेले चित्रपट आपण सर्वांनी सोसले आहेत. वळण पंचविसाव्या मिनिटाला येतं म्हणून प्रभावी होत नसतं. तोवर प्रेक्षकाने एका गोष्टीची आस धरलेली असते आणि तीच गोष्ट त्याच्या डोळ्यांदेखत हातची जाते, म्हणून ते प्रभावी होतं.

एकाच प्रश्नाच्या खुंटीवर अख्खा चित्रपट कसा टांगता येतो याचं मराठीतलं सर्वोत्तम उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’. १९७५ साली तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. साखर कारखान्याचं साम्राज्य उभं करणारा हिंदुराव धोंडे पाटील दारूच्या आहारी गेलेल्या एका मास्तराला कौतुकाने घरी आणतो. निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर. हिंदुराव आपलं वैभव दाखवत राहतो आणि मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो. प्रश्न बदलत नाही. बदलतं ते त्या प्रश्नाचं वजन. प्रथम ती एका दारुड्याची बडबड वाटते, मग हिंदुरावाची चिडचिड होते, मग भोवतालची माणसं गप्प होऊ लागतात, आणि त्या गप्प होण्यातूनच आपल्याला उत्तराचा वास लागतो. उत्तर आपण ओळखलेलं असतं, तरी ते हिंदुरावाच्या तोंडून यावं यासाठी आपण थांबून राहतो.

‘फँड्री’ची रचना याहून गुंतागुंतीची आहे आणि तिच्यावर मुक्काम करावा अशी आहे. नागराज मंजुळे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. सुरुवातीला जब्या हा शाळकरी मुलगा गलोल घेऊन माळावर एका काळ्या चिमणीच्या मागे फिरतो. ही चिमणी मारून तिची राख वर्गातल्या शालूवर टाकली की ती आपल्यावर प्रेम करू लागेल, असा त्याचा समज आहे. पोरकट, जादूटोण्याची, हसू यावं अशी ही इच्छा. प्रेक्षकाला वाटतं, कोवळ्या प्रेमाची गोष्ट आहे, आणि तो चिमणी सापडण्याची वाट पाहू लागतो.

मंजुळे आपल्याला ही वाट मनापासून पाहू देतात. जब्याला नवी जीन्स हवी असते, म्हणून तो सायकलवर गारेगार विकायला निघतो, पण ती सायकल चिरडली जाते. जत्रेत त्याला शालूसमोर मिरवायचं असतं, पण मिरवणुकीत त्याच्या वाट्याला डोक्यावर दिवा धरणं येतं. प्रत्येक वेळी इच्छा एका दिशेने जाते आणि गाव तिला दुसऱ्या दिशेने ढकलतं. या सगळ्यात गावातली डुकरं सहज येत-जात असतात. कुणाला डुकराचा स्पर्श झाला की गडबड उडते, जब्या डुकरापासून लांब राहतो, त्याच्या बापाकडे, कचरूकडे, डुकरं पकडण्याचं काम येतं. आपण ते पाहतो, पण आपलं लक्ष चिमणीकडे असतं. डुकरांमुळे जत्रेची पालखी कोसळते तेव्हाही आपल्याला तो जत्रेतला एक गोंधळ वाटतो. आणि मग पाटील कचरूला डुकरं पकडायला सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या शेजारीच, शालू आणि वर्गातली मुलं पाहत असताना, अख्खं कुटुंब डुकराच्या मागे धावू लागतं.

आता आपण कशाची वाट पाहत असतो? चिमणी कधीच मागे पडलेली आहे. जब्या भिंतीआड लपतो आणि आपल्याला एवढंच हवं असतं की शालूला तो दिसू नये. तासाभरापूर्वी ज्या मुलाने तिच्या नजरेत भरावं म्हणून आपण आतुर होतो, त्याच मुलाने तिच्या नजरेआड राहावं म्हणून आता आपला जीव वरखाली होतो. इच्छा एकशे ऐंशी अंशांत फिरली आहे, आणि ती फिरवणारी डुकरं चित्रपटभर आपल्यासमोर चरत होती. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा सगळे ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटून जातं. हा प्रसंग लोकांच्या आठवणीत राहिला तो त्यातल्या विदारक विसंगतीमुळे. रचनेच्या दृष्टीने पाहिलं तर शिकारीचा शेवट आणखी पुढे ढकलण्याचं कामही तो करतो. लाजिरवाणं दृश्य लवकर संपावं असं वाटत असताना ते लांबतं. शेवटी जब्या चिडवणाऱ्यांवर दगड उचलतो आणि अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. माळावर चिमणीसाठी उचललेल्या दगडापासून इथवरचा प्रवास हीच या चित्रपटाची रचना. पहिल्या प्रसंगात मुलाच्या हाती दगड नसता, तर शेवटचा दगड घोषणेसारखा वाटला असता.

भरताच्या परिभाषेत अशा पेरलेल्या गोष्टीला बीज म्हणतात. सुरुवातीला अगदी थोडक्यात सांगितलेली आणि पुढे अनेक अंगांनी पसरणारी गोष्ट. बीज पेरताना दिसू नये ही त्यातली मेख. डुकरं गावात असतातच, म्हणून ती पेरलेली वाटत नाहीत.

‘श्वास’मध्ये वेगळी युक्ती आहे. संदीप सावंत यांच्या या २००४ च्या चित्रपटात कोकणातला आजोबा नातवाला डोळ्यांच्या दुखण्यासाठी शहरात आणतो. पहिला प्रश्न अर्थातच मुलगा बरा होईल का हा. पण त्याचं उत्तर बरंच लवकर मिळतं. डोळ्यांचा कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. दुबळ्या पटकथेत हे उत्तर शेवटी आलं असतं आणि आधीचा दीड तास तपासण्यांत गेला असता. इथे मात्र पहिला प्रश्न मिटतो तसा दुसरा उभा राहतो: हे मुलाला कोण सांगणार? डॉक्टरांचा आग्रह असतो की शस्त्रक्रियेआधी मुलाला कळलंच पाहिजे. तो प्रसंग होतो, आणि शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, आणि आजोबा मुलाला घेऊन इस्पितळातून नाहीसा होतो. आता तिसरा प्रश्न, जो पहिल्याहून कितीतरी मोठा आहे: हातात उरलेल्या वेळात या मुलाने काय पाहून घ्यावं? वैद्यकीय कथा पाहता पाहता पाहण्याच्या सुखाची कथा होते. प्रश्न संपण्याआधीच पुढचा जन्माला येतो, आणि प्रत्येक नवा प्रश्न आधीच्यापेक्षा खोल असतो.

अकिरा कुरोसावाने १९५२ च्या ‘इकिरू’मध्ये याच्याही पुढे पाऊल टाकलं. पोटाचा कर्करोग झालेला एक सरकारी अधिकारी, वातानाबे, मरण्याआधी मुलांसाठी एक बगीचा करायचं ठरवतो. इतर कुणीही यापुढे बगीचा कसा झाला ते दाखवलं असतं. कुरोसावा एका उडीत पाच महिने ओलांडतो: वातानाबे मेलेला आहे, बगीचा झालेला आहे, आणि त्याचे सहकारी त्याच्या तसबिरीसमोर बसून श्रेय कुणाचं यावर वाद घालत आहेत. आपण ज्याची वाट पाहत होतो ते दोन्ही एका क्षणात संपलं. उरलेला मोठा भाग आपण दुसऱ्याच गोष्टीची वाट पाहतो. या खोलीतल्या एखाद्या तरी माणसाला वातानाबेने काय केलं ते कळेल का? आठवणींच्या तुकड्यांतून बगीच्याची कथा आपल्याला मिळतेच, पण तिच्या भोवती आता त्या माणसांच्या कोडगेपणाची चौकट बसलेली असते.

भारतीय चित्रपटाला मध्यंतराची सक्ती आहे. परदेशी समीक्षकांना ती अडचण वाटते, मला ती संधी वाटते. चहा घेताना माणसं एकमेकांशी बोलतात आणि पुढे काय होईल याचे अंदाज बांधतात. मंजुळे यांच्याच ‘सैराट’ने हा खंड जसा वापरला तसा क्वचितच कुणी वापरला असेल. पहिल्या भागातली गाणी, विहीर, बुलेट यांच्या झिंगेत आपण आर्ची आणि परशा या प्रेमी जोडीने पळून जाण्याची वाट पाहतो. उत्तरार्धात हैदराबादच्या वस्तीतल्या खोलीत गाणी नाहीत. दोघांनी संसारात टिकून राहावं एवढीच आपली इच्छा उरते. मूल होतं, आर्ची आईला फोन करते, आणि आपण समेटाची वाट पाहू लागतो. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात. तीच अपेक्षा, पुरी होताना दिसत असताना, आपला घात करते. मंजुळेंनी शेवटी आवाज काढून घेतला याची खूप चर्चा झाली. त्या शांततेला ताकद आली ती त्याआधीच्या फोनमुळे.

वाट पाहायला लावून ती कधीच पुरी न करणं हेसुद्धा एक रचनातंत्र आहे, फक्त त्यासाठी मोठी हिंमत लागते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर एका सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. खटल्याचा चित्रपट म्हटला की आपण निकालाची वाट पाहतो. इथे तारखा पडतात, जामीन मिळतो, पुन्हा अटक होते. मधल्या वेळात कॅमेरा बचावाच्या वकिलाबरोबर वाणसामान घ्यायला जातो, सरकारी वकील बाईंबरोबर लोकलने घरी जाऊन स्वयंपाक पाहतो. सुरुवातीला हे भरकटणं वाटतं. हळूहळू उमगतं की कायद्याच्या कलमांइतकीच ही घरंसुद्धा कोर्टात बोलत असतात. सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. नव्वद टक्के दिग्दर्शक इथे थांबले असते. ताम्हाणे मात्र न्यायाधीशाबरोबर सहलीला जातात, रिसॉर्टवरच्या बाकावर त्याला डुलकी लागते, पोरं ओरडून त्याला जागं करतात आणि तो एकाच्या थोबाडीत देतो. संपलं. निकाल नाही. प्रेक्षकाला तसंच ताटकळत ठेवलं जातं जसा कांबळे ताटकळतो आहे. इथे रचनेनेच विषय मांडला.

माहितीपटात आणखी एक अवघड गोष्ट असते: चित्रीकरण करताना शेवट ठाऊक नसतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांनी तिथून चित्रीकरण सुरू केलं आणि ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ साली पूर्ण झाला, म्हणजे चौदा वर्षांनी. एवढ्या वर्षांत कथा वाढली, नवी शाहीर मंडळी आली, खटला रेंगाळला. अशा चित्रपटाची पटकथा संकलनाच्या टेबलावरच लिहिली जाते. तिथे घोगरे यांचं जाणं सुरुवातीला ठेवलं, आणि हा निर्णय सगळं पेलून धरतो. असा गाणारा माणूस असं का करतो, हा प्रश्न उरलेल्या प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक मुलाखतीमागे उभा राहतो.

आता फोनवरच्या तीन मिनिटांच्या व्हिडिओकडे येऊ. समजा, पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीवर व्हिडिओ करायचा आहे. असे व्हिडिओ बहुधा एकाच वळणाचे असतात: वरून ड्रोनने घेतलेलं शहर, पेशवाईचा इतिहास, तांब्याचे गुण, पत्रा कापण्यापासून मठारकामापर्यंतच्या पायऱ्या, कारागिराची मुलाखत, आणि कला जपली पाहिजे असं आवाहन. यात खोटं काही नाही, पण पाहणाऱ्याला कशाचीच वाट पाहायला लावलेली नाही.

त्याच आळीत, त्याच दिवसात दुसरी मांडणी शोधू. एक घंगाळ संध्याकाळी गिऱ्हाइकाला द्यायचं आहे. सांधा झाळून झाला आहे, आणि पाणी भरून पाहिलं तर एका जागी ओल दिसते. व्हिडिओ इथून सुरू करायचा: तांब्यावरून सरकणारा पाण्याचा थेंब आणि त्याच्याकडे पाहणारा कारागीर. तीन-चार सेकंदांत प्रश्न उभा राहिला: हे भांडं संध्याकाळपर्यंत पाणी धरेल का? आता सांधा पुन्हा तापवावा लागणार, तो निवेपर्यंत थांबावं लागणार. त्या थांबण्यात इतिहास सांगा. तोच इतिहास आता ऐकावासा वाटतो, कारण पाहणाऱ्याकडेही कारागिराइतकाच मोकळा वेळ आहे. मठारकाम दाखवताना हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कसा कडक होत जातो ते सांगा, कारण आता त्या कडकपणावर काहीतरी अवलंबून आहे. माहिती नेहमी प्रश्नाच्या मागून यावी. प्रश्नाआधी आलेली माहिती पाहणाऱ्याला पाठांतर वाटते.

अशा छोट्या व्हिडिओत एक मोह फार होतो: सर्वांत देखणं दृश्य पहिल्या दोन सेकंदांत वापरून टाकण्याचा. अंगठा थांबावा म्हणून चकचकीत, पूर्ण झालेलं घंगाळ आधीच दाखवलं जातं. अंगठा थांबतोही, पण आपण आपला शेवट स्वतःच खर्च केलेला असतो. सुरुवात आकर्षक हवी हे खरंच. फक्त तिने प्रश्न दाखवावा, उत्तर नको. गळणारा सांधा हा चमकणाऱ्या भांड्यापेक्षा कमी देखणा आणि कितीतरी जास्त ओढ लावणारा आहे.

आणि शेवट कोणता ठेवायचा? पाणी भरलं, थेंब आला नाही, गिऱ्हाईक घेऊन गेलं. हा प्रामाणिक शेवट आहे आणि पुष्कळदा पुरतो. पण चित्रीकरणाच्या दिवशी कारागिराचा मुलगा शेजारी बसून फोनवर बोलत असेल आणि तो हा धंदा करणार नाही हे त्याच्या दोन वाक्यांतून कळलं असेल, तर कथेला दुसरा प्रश्न मिळाला: भांडं टिकेल, काम टिकेल का? मग त्या मुलाला मध्यावर एकदा नुसतं दिसू द्या, बोलू देऊ नका. त्याचं वाक्य भांडं गेल्यानंतर ठेवा. आवाहन करण्याची गरज उरत नाही.

चित्रफितीची पहिली जोडणी तयार झाली की ती विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी दाखवा. आवडलं का, असं विचारू नका. लोक सभ्यपणे आवडलं म्हणतात. मध्येच, दर अर्ध्या मिनिटाला थांबवा आणि विचारा: आत्ता तुम्हाला काय कळून घ्यायचं आहे? उत्तर लगेच आलं तर पुढे चला. माणूस क्षणभर अडखळला, इकडेतिकडे पाहू लागला, तर त्या जागेवर खूण करा आणि तिच्याआधीचा प्रसंग काढून पुन्हा दाखवा. बऱ्याचदा त्या प्रसंगात तुमचा सर्वांत आवडता शॉट असतो, सकाळी सहाला उठून घेतलेला. तो काढताना हात जड होतो, पण काढल्यावर पुढचा प्रसंग अचानक बोलू लागला तर तो कायमचा बाहेर ठेवा.